सोसायटीच्या कमिटीचा कार्यकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर निवडून आलेले, थोडक्यात पडलेले आणि ‘ही मंडळी जाणार तरी कधी?’ असे विचारणारे, तिन्ही गटांकडून वर्षभर येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहेत. अपार्टमेंट असोसिएशनवाल्यांनी थेट प्रश्न २० गाठावा. वाचताना आपल्या संस्थेचे मंजूर उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली, जवळ असू द्या. आदर्श उपविधी छापील मिळतात, पण लागू होतात ते आपल्या संस्थेने स्वीकारून नोंदवून घेतलेले.

१. कमिटीचा कार्यकाल नेमका किती वर्षांचा?

पाच वर्षांचा. जुन्या सभासदांच्या डोक्यात कधी तीन, कधी एक असे वेगळेच आकडे असतात, कारण त्यांच्या वेळचे उपविधी वेगळे होते. सहकारी संस्थांबाबतची ९७वी घटनादुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये अंमलात आली आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपल्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात त्यानुसार बदल केले. तेव्हापासून पाच वर्षे हे गणित पक्के आहे.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न असा, की सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती घटनादुरुस्ती राज्यातल्या संस्थांपुरती रद्द केली ना? मग पाच वर्षे कुठे राहिली? राहिली, कारण ती आता राज्याच्या स्वतःच्या अधिनियमात लिहिलेली आहेत. उपविधीत अजून जुनी मुदत छापलेली असली तरी अधिनियमच वरचढ ठरतो.

२. पाच वर्षे कुठल्या तारखेपासून मोजायची? अध्यक्षांची निवड उशिरा झाली तर त्यांना जास्त दिवस मिळतात का?

निवडणुकीच्या तारखेपासून. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची निवड नंतर समितीच्या बैठकीत होते, पण त्यांची मुदत समितीबरोबरच संपते. अध्यक्ष दोन महिने उशिरा निवडला गेला म्हणून त्याला शेवटी दोन महिने वाढवून मिळत नाहीत. निवडणूक बिनविरोध झाली तरी हिशोब हाच.

तारखेचा वाद टाळायचा असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सहीचे निकालपत्र इतिवृत्ताच्या पुस्तकात चिकटवून ठेवा. फलकावर लावलेला कागद पहिल्याच पावसात जातो, आणि पाच वर्षांनी ‘आमची मुदत डिसेंबरपर्यंत आहे’, ‘छे, ऑगस्टलाच संपली’ अशी जुंपते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी अशा एका हरवलेल्या कागदावर अडलेल्या असतात.

३. आमच्या सोसायटीच्या कमिटीत किती जण हवेत?

आदर्श उपविधींप्रमाणे १०० पर्यंत सभासद असतील तर ११, १०१ ते २०० ला १३, २०१ ते ३०० ला १५, ३०१ ते ५०० ला १७ आणि त्यापुढे १९. अकरा जणांच्या समितीत सहा जागा सर्वसाधारण, दोन महिलांसाठी, एक अनुसूचित जाती-जमातींसाठी, एक इतर मागासवर्गासाठी आणि एक भटक्या विमुक्त जाती-जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गासाठी असते. गणपूर्ती (कोरम), म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, सहाची.

राखीव जागेसाठी इमारतीत कोणी पात्र सभासदच नसेल तर ती जागा रिकामी राहते. ‘नाहीतरी रिकामीच आहे’ म्हणून तिथे सर्वसाधारण प्रवर्गातला माणूस बसवता येत नाही.

४. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, सगळी धावपळ मी करतो. मी उभा राहू शकतो का?

पत्नी मूळ सभासद आणि तुम्ही रीतसर सहयोगी सभासद, म्हणजे तिच्या शिफारशीने तिच्यासोबत नोंदलेले सभासद, असाल, तर तिच्या लेखी संमतीने उभे राहता येते. मग त्या फ्लॅटकडून तुम्हीच उमेदवार, दोघांनी अर्ज भरायचा नाही. सहयोगी सभासदत्वाचा अर्ज समितीने मंजूर केलेला आणि नोंदवहीत चढलेला हवा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावत अर्ज दिला तर त्याचा उपयोग होईलच असे नाही, कारण मतदार यादी ठरलेल्या तारखेवर बनते.

दोघांच्या नावावर फ्लॅट असेल आणि दोघे संयुक्त सभासद असतील तर भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) पहिले नाव कोणाचे, ते महत्त्वाचे. भाडेकरू आणि नाममात्र सभासद यांना मतदानाचाही अधिकार नाही आणि निवडणूक लढवण्याचाही नाही, मग ते दहा वर्षे तिथे राहत असोत आणि गणपतीची वर्गणी तेच गोळा करत असोत.

५. सोसायटी नुकतीच नोंदवली आहे. बिल्डरच्या वेळची हंगामी कमिटी पाच वर्षे राहणार का?

नाही. हंगामी समिती फार तर एक वर्षाची, आणि त्याआधी नियमित समिती निवडून आली तर त्याच दिवशी तिचे काम संपते. मुख्य प्रवर्तकाने नोंदणीनंतर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यायची असते. तो टाळाटाळ करत असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे (पुढे ‘निबंधक’) लेखी तक्रार करा, ते सभा बोलावण्याची व्यवस्था करू शकतात.

६. निवडून आल्यावर बंधपत्र द्यावे लागते म्हणतात. नाही दिले तर?

एम-२० नमुन्यातले बंधपत्र मुद्रांक कागदावर करून सचिवाकडे द्यायचे असते. ते मुदतीत न दिल्यास पद सोडले असे मानण्याची तरतूद आहे, आणि विरोधक पहिला हात तिथेच घालतात. पहिल्या बैठकीच्या दिवशीच सगळ्यांची बंधपत्रे एकत्र करून टाका आणि ती मिळाल्याची नोंद इतिवृत्तात घ्या. ‘करू नंतर’ म्हणणारे सदस्य बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षी, कोणीतरी अर्ज टाकल्यावर, मुद्रांक विक्रेत्याच्या रांगेत दिसतात.

बंधपत्राचा मतलब साधा आहे. समितीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर वेगवेगळीही असते. म्हणून एखाद्या ठरावाला तुमचा विरोध असेल तर बैठकीतून तणतणत निघून जाण्याऐवजी विरोध तुमच्या नावासह इतिवृत्तात लिहायला लावा. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना तो शब्दशः उतरला आहे का ते तपासा. नुकसानभरपाईचा विषय कधी निघालाच तर तुमच्या बाजूने बोलणारी तेवढीच एक ओळ असते. (पद गेल्यानंतरच्या जबाबदारीसाठी प्रश्न १८.)

७. कमिटी सदस्यांना मानधन मिळते का?

पद मानद आहे. समितीने आपल्याच बैठकीत स्वतःला मानधन किंवा देखभाल शुल्कात सूट मंजूर करून घेणे चालत नाही. सोसायटीच्या कामासाठी झालेला रिक्षाचा, झेरॉक्सचा किंवा टपालाचा खर्च पावतीसह घेण्यात कमीपणा नाही. उलट खिशातून खर्च करून मोठेपणा मिरवणारा सचिव दोन वर्षांनी त्याच खर्चाचे दाखले देऊ लागतो.

८. पहिली अडीच वर्षे ते अध्यक्ष, नंतरची अडीच आम्ही, असे ठरले होते. आता ते खुर्ची सोडत नाहीत. काय करायचे?

राज्याच्या राजकारणातला हा फॉर्म्युला सोसायट्यांमध्येही चांगलाच रुजला आहे, म्हणून थोडे विस्ताराने.

कायद्यात अध्यक्षाची मुदत समितीइतकीच आहे. अडीच वर्षांचा करार गच्चीवरच्या बैठकीत झालेला असो की शंभराच्या मुद्रांक कागदावर, त्याच्या जोरावर अध्यक्ष आपोआप पायउतार होत नाही. वाटणी चालते ती फक्त राजीनाम्याने. पहिल्या अध्यक्षाने राजीनामा द्यायचा, समितीने तो स्वीकारायचा आणि उरलेल्या काळासाठी नवा अध्यक्ष निवडायचा. निवडणुकीआधीच तारीख न टाकलेला राजीनामा लिहून घेण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. तो करू नका. सही करणारा ‘मी हे तेव्हा दिलेच नव्हते’ म्हणाला की पत्राची किंमत उरत नाही आणि ज्याने तारीख घातली तोच अडचणीत येतो.

शब्द मोडलाच तर मार्ग एक: अविश्वास ठराव (प्रश्न १४). त्याला लागणारे संख्याबळ नसेल तर उरलेली अडीच वर्षे सदस्य म्हणून काम करा. आमच्या मते खुर्चीची वाटणी करण्यापेक्षा कामाची वाटणी केलेली बरी. पाणी एकाकडे, लिफ्ट दुसऱ्याकडे, वसुली तिसऱ्याकडे, आणि तसा ठराव पहिल्याच बैठकीत. सभासदांना पत्रकावर अध्यक्ष म्हणून कोणाचे नाव आहे याचे सोयरसुतक नसते, पंप बंद पडल्यावर फोन कोण उचलतो याचे असते.

९. तेच तेच लोक तिसऱ्यांदा उभे राहतायत. बंदी नाही का?

अपात्रता नसेल तर समिती सदस्य म्हणून पुन्हा निवडून येण्यास बंदी नाही. त्यांना हटवायचे तर अर्ज भरून समोर उभे राहावे लागते. बऱ्याच सोसायट्यांत निवडणूक बिनविरोध होते याचे कारण अर्जच येत नाहीत हे आहे, आणि तक्रार मात्र ‘त्यांनी कब्जा केलाय’ अशी असते.

१०. थकबाकी असलेला सदस्य कमिटीवर राहू शकतो का? माझा बिलावर वाद आहे, मग मीही थकबाकीदार का?

लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो. थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही आणि निवडून आलेला सदस्य थकबाकीदार झाला तर त्याचे सदस्यत्व धोक्यात येते. इथे कळीचा मुद्दा नोटिशीचा आहे. नुसते मासिक बिल दारातून सरकवले, व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांची यादी टाकली, फलकावर लाल शाईत आकडा लिहिला, यातले काहीही नोटीस होत नाही. लेखी मागणी हवी आणि ती पोचल्याचा पुरावा हवा.

बिलावर वाद असेल तर रक्कम अडवून धरू नका. ‘हरकत राखून भरत आहे’ असे पत्र जोडून भरा, पोच घ्या आणि वाद सहकार न्यायालयात किंवा उपनिबंधकांकडे, विषय असेल त्याप्रमाणे, चालवा. गळतीचा खर्च कोणी करायचा यावर भांडताना दीड वर्ष देखभाल शुल्क बंद ठेवणारे गृहस्थ वादात कदाचित बरोबर असतात, पण उमेदवारी अर्जाच्या छाननीत ते बाहेर जातात.

११. आणखी कशाने अपात्रता येते? आणि ती ठरवते कोण?

अपात्रतेची मुख्य यादी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२३ मध्ये आहे (पुढची कलमेही त्याच अधिनियमाची). नेहमी उपटणारी कारणे तीन: थकबाकी, सोसायटीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध, आणि ठरावीक तारखेनंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये. कंत्राटाचे एक ठळक उदाहरण म्हणजे रंगकामाचे काम मेहुण्याच्या नावाने घेणे. पुनर्विकासात तर समिती सदस्य किंवा त्याचा नातेवाईक विकासक असू नये असा शासनाचा स्पष्ट निर्देश आहे.

३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा न घेणे हे तितकेच गंभीर कारण. निबंधक जबाबदार सदस्यांना पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. ‘हिशोब तपासून आले नाहीत’ ही सबब दरवर्षी दिली जाते. लेखापरीक्षकाच्या मागे एप्रिलपासून लागायचे असते.

ठरवण्याचा अधिकार निबंधकांचा, तोही संबंधिताला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर. अध्यक्षाने ‘तुम्ही अपात्र आहात, उद्यापासून येऊ नका’ असे पत्र दिले तर त्या पत्राने काही होत नाही.

१२. मुलाकडे परदेशात सहा महिने जायचे आहे. सदस्यत्व जाईल का?

रजा घेतली नाही तर जाऊ शकते. परवानगीशिवाय समितीच्या सलग तीन मासिक बैठकांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व संपते. निघण्यापूर्वी रजेचा अर्ज द्या आणि तो मंजूर झाल्याचे इतिवृत्तात येऊ द्या. तुम्ही सचिव किंवा खजिनदार असाल तर धनादेशांवर सही कोण करणार हेही त्याच बैठकीत ठरवून बँकेला कळवा. अन्यथा सुरक्षारक्षकांचा पगार तुमच्या परतीच्या विमानापर्यंत थांबतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. उपविधींप्रमाणे समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. जी समिती बैठकाच घेत नाही, ती एखाद्या नावडत्या सदस्यावर गैरहजेरीचा ठपका ठेवू पाहते तेव्हा पहिला प्रश्न येतो तो बैठकीची सूचना कधी आणि कशी दिली, हाच.

१३. रागाच्या भरात ग्रुपवर ‘मी राजीनामा देतो’ लिहिले. आता गेलो का मी? आणि जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते का?

ग्रुपवरच्या संदेशाने सहसा कोणी जात नाही. राजीनामा लेखी द्यायचा असतो, सदस्याने अध्यक्षाकडे आणि अध्यक्षाने सचिवाकडे, आणि समितीने तो स्वीकारला की लागू होतो. स्वीकारण्याआधी लेखी मागे घेतला तर विषय मिटतो. पदाधिकाऱ्याने राजीनामा देताना आपण फक्त पद सोडतो आहोत की समितीचे सदस्यत्वही, हे स्पष्ट लिहावे. ‘जबाबदारीतून मुक्त करावे’ अशा मोघम वाक्यावर दोन्ही गट आपापला अर्थ काढतात.

रिकामी जागा समिती त्याच प्रवर्गातल्या पात्र सभासदाला स्वीकृत करून भरू शकते. महिलांची जागा महिलेनेच भरायची. स्वीकृत सदस्याला नव्याने पाच वर्षे मिळत नाहीत, बाकीच्यांबरोबर तोही जातो.

१४. अध्यक्ष मनमानी करतात. सर्वसाधारण सभेत हात वर करून त्यांना काढता येईल का?

अध्यक्षाला समितीने निवडलेले असते, त्यामुळे अविश्वासही समितीच दाखवते. समितीच्या किमान एक तृतीयांश सदस्यांनी निबंधकांकडे मागणी करायची, मग निबंधकांच्या देखरेखीखाली खास बैठक होते. ठराव मंजूर व्हायला मतदानाचा अधिकार असलेल्या एकूण समिती सदस्यांच्या दोन तृतीयांश मते लागतात. हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश नव्हे. अकरा जणांच्या पूर्ण समितीत हा आकडा आठ होतो. त्यामुळे दोघे जण त्या दिवशी ‘गावी गेले’ की ठराव पडतो, आणि हे माहीत असलेले अध्यक्ष त्यांच्या तिकिटाची सोयही करतात. ठराव मंजूर झाला तर अध्यक्षपद जाते, समितीचे सदस्यत्व राहते.

सभासदांच्या हातात काय? एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा महिन्याच्या आत बोलवावी लागते (कलम ७६). तिथे जाब विचारता येतो, खर्च रोखणारे ठराव करता येतात. कामात कसूर किंवा संस्थेच्या हिताला बाधा येण्यासारखे गंभीर काही असेल तर निबंधक कलम ७८अ खाली सदस्याला किंवा अख्ख्या समितीला दूर करू शकतात. अशी तक्रार करताना विशेषणे कमी आणि तारखा, बिल क्रमांक व ठराव क्रमांक जास्त घाला. आठ पानी तक्रार कोणी वाचत नाही. दीड पान आणि सहा जोडपत्रे वाचली जातात.

१५. सदस्याने फ्लॅट विकला, पण नव्या मालकाच्या नावावर हस्तांतर व्हायचे आहे. तोवर तो कमिटीवर?

समितीचे सदस्यत्व सभासदत्वावर उभे आहे. हस्तांतर मंजूर होऊन भाग नव्या मालकाच्या नावावर चढला की जुना मालक सभासद राहत नाही आणि समितीतूनही जातो. मधल्या काळात कागदोपत्री तो सभासद असतो, पण आपल्याच हस्तांतराच्या अर्जावर चर्चा असेल तेव्हा त्याने बाहेर बसावे. आमचा सल्ला विक्री ठरल्यावर स्वतःहून राजीनामा देण्याचा आहे. तो त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या फ्लॅटचाही मालक असेल तर अर्थातच प्रश्न येत नाही.

समिती सदस्याचे निधन झाले तर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीला फ्लॅटबाबतचे हक्क कायद्याप्रमाणे मिळतात, समितीतली जागा मिळत नाही. ती प्रश्न १३ प्रमाणे भरली जाते.

१६. मुदत संपली, निवडणूक झाली नाही. जुनी कमिटी नवी येईपर्यंत चालू राहते ना? आम्ही सभेत तसा मुदतवाढीचा ठरावही केला आहे.

नाही, आणि हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज आहे. मुदत संपली की सदस्यांचे पद संपते. निवडणूक कोणाच्या चुकीने राहिली हे त्यात पाहिले जात नाही. सर्वसाधारण सभा सोसायटीत सर्वोच्च असली तरी कायद्याने दिलेली मुदत वाढवण्याचा अधिकार तिला नाही, शंभर टक्के हात वर झाले तरीही. मुदतीनंतर निबंधक कलम ७७अ खाली प्राधिकृत अधिकारी किंवा सदस्यांची समिती नेमतात. त्यांचे मुख्य काम निवडणूक लावून बाजूला होणे. प्राधिकृत अधिकाऱ्याचा खर्च सोसायटीच्या खात्यातून जातो, एवढे सांगितले की निवडणुकीला आळसावलेल्या समित्याही जाग्या होतात.

अपवाद एकच: पूर, दुष्काळ, साथरोग अशा कारणांनी शासनाने आदेश काढून निवडणुका पुढे ढकलल्या तर. कोविडच्या काळात तसे झाले होते आणि तेव्हाच्या समित्या त्यामुळे जास्त काळ राहिल्या. ते उदाहरण देऊन आज कोणी ‘तेव्हा चालले, आता का नाही’ म्हणत असेल तर शासनाचा आदेश दाखवा म्हणावे.

मुदत संपल्यानंतरच्या काळात विजेचे बिल, पाणीपट्टी, सफाई कामगारांचा पगार थांबवून इमारत वेठीला धरू नये. चांगल्या हेतूने केलेली रोजची देणी नेमणुकीतल्या दोषामुळे आपोआप बाद होत नाहीत. पण नवे कंत्राट, मुदत ठेव मोडणे, मोठी दुरुस्ती यांना हात लावू नका. पुनर्विकासाला तर नाहीच. त्यासाठी शासनाचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत, विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असतो, आणि समितीच वैध नसेल तर नाराज सभासदाला न्यायालयात जायला आयते कारण मिळते. आधी निवडणूक घ्या.

१७. निवडणूक घ्यायची कोणी? आम्ही ८४ सभासद आहोत.

२५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना निवडणूक नियमांनी स्वतः घेता येते. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होते. स्वतः घ्यायची म्हणजे चहा-बिस्किटांवर हात वर करून निवड असे नव्हे. निवडणूक निर्णय अधिकारी नेमावा लागतो आणि तो स्वतः उमेदवार नसावा. मतदार यादी, हरकती, अर्ज, छाननी, माघार, मतदान असे टप्पे पाळावे लागतात. तयारी मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू करा. सर्वांत जास्त वेळ मतदार यादीतच जातो, कारण वर्षानुवर्षे ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी एकमेकींशी जुळत नाहीत आणि निवडणूक लागल्यावर ते उघड होते.

अर्ज छाननीत फेटाळला गेला तर अपिलासाठी फक्त तीन दिवस असतात. निकालाविरुद्ध सहकार न्यायालयात जायचे असेल तर निकालापासून दोन महिन्यांत. ‘आधी समजुतीने बघू’ म्हणत तिसरा महिना उजाडू देऊ नका.

१८. जुनी कमिटी दप्तर देत नाही. आणि पद गेल्यावर त्यांची जबाबदारीही गेली का?

आधी दप्तराचे. लेखी यादी करून मागा, कारण ‘सगळे दप्तर द्या’ म्हटले की एक जुनी पेटी हातात पडते. यादीत निदान एवढे हवे: समिती आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्त पुस्तके, सभासद नोंदवही, भाग दाखल्यांचे पुस्तक, नामनिर्देशनाची फाईल, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरणाचा (कन्व्हेयन्सचा) दस्त, मंजूर नकाशे, लिफ्ट व अग्निशमनाची कागदपत्रे, विमा, चालू कंत्राटे, मुदत ठेवींच्या पावत्या, चेकबुके, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा आणि सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड, टाकीच्या व मीटर खोलीच्या किल्ल्या. पासवर्ड हल्ली मुद्दाम लिहावे लागतात. मूळ मोबाइल क्रमांक माजी सचिवाच्या नावावर असला की बँकेचा ओटीपी त्यांच्याकडेच जात राहतो. प्रत्येक वस्तूपुढे दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तरी देत नसतील तर निबंधकांकडे कलम ८० खाली दप्तर ताब्यात घेण्यासाठी अर्ज करता येतो.

जबाबदारी पदाबरोबर जात नाही. लेखापरीक्षणात किंवा चौकशीत संस्थेचे नुकसान दिसले तर कलम ८८ खाली आजी-माजी दोन्ही पदाधिकाऱ्यांकडून वसुली होऊ शकते. प्रामाणिक माजी सदस्यांनी म्हणूनच आपल्या काळातल्या इतिवृत्तांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

१९. पाच जणांनी एकदम राजीनामे दिले, एकाचे निधन झाले. अकरातले पाचच उरलोत, कोरम सहाचा. आता स्वीकृत सदस्य तरी घेणार कसे?

हा खरा पेच आहे. जागा भरायला बैठक हवी, बैठकीला गणपूर्ती हवी, आणि गणपूर्तीला माणसे नाहीत. इथे आधी राजीनामे खरोखर स्वीकारले गेले होते का ते पाहा. स्वीकारणारी बैठकच झाली नसेल तर ते पाच जण अजून समितीवर आहेत आणि त्यांना रीतसर सूचना देऊन बैठक बोलावता येते. त्यातला एक जण जरी आला तरी सहा होतात आणि रिकामी जागा भरता येते. राखीव जागा मुळातच रिकाम्या असतील तर त्या गणपूर्तीत मोजायच्या की नाही, हेही तपासा. कधी कधी पेच तिथेच सुटतो.

राजीनामे स्वीकारले गेले असतील तर उरलेल्या पाच जणांनी एकत्र सही करून निबंधकांना वस्तुस्थिती लेखी कळवावी आणि कलम ७७अ खाली व्यवस्था मागावी. पाच जणांनी ‘आपणच चालवू’ म्हणून घेतलेले ठराव टिकत नाहीत, आणि राजीनामा देऊन गेलेलेच ते आव्हान देतात.

२०. आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट असोसिएशन आहे. वरचे किती लागू?

फार थोडे. तुमची संघटना १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टखाली आहे. तिथे व्यवस्थापक मंडळाची संख्या, मुदत, निवडणुकीची रीत आणि काढून टाकण्याची तरतूद हे सगळे घोषणापत्रासोबत नोंदवलेल्या उपविधींत असते. ते बहुतेक वेळा बिल्डरच्या वकिलाने लिहिलेले असतात आणि कित्येक मालकांनी कधी उघडून पाहिलेले नसतात. दुय्यम निबंधक कार्यालयातून घोषणापत्राची प्रत काढा, मुदतीचे कलम वाचा. एक वर्ष लिहिले असेल तर तुमच्या मंडळाला पाच वर्षे बसता येणार नाही, शेजारच्या सोसायटीची कमिटी कितीही वर्षे बसो.